विश्लेषण : शर्यतीची जुनी गाडी घरच्या गॅरेजात कशी बांधतात? कॉलिन चॅपमन यांच्या ‘लोटस’ची नक्कल आजही का होते?

घराशेजारचे छोटे गॅरेज, एक सपाट फळी, वेल्डिंग मशीन, चौकोनी पोलादी नळ्या आणि भंगारात निघालेली एखादी जुनी फोर्ड. एवढ्या सामग्रीवर ब्रिटनमधील हौशी मंडळी जवळपास सात दशकांपूर्वीच्या एका स्पोर्ट्स कारची प्रतिकृती बांधत असतात. ही गाडी म्हणजे १९५७ मधील ‘लोटस सेव्हन’. आठवडाभर रस्त्यावर वापरायची आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीत उतरवायची, अशा बेताने ती बनवली होती. शर्यतीच्या बहुतेक जुन्या गाड्यांची हुबेहूब नक्कल करायची तर मोठा कारखाना लागतो. सेव्हनची नक्कल घरी होऊ शकते, कारण ती मुळातच ग्राहकाने घरी जुळवावी म्हणून आखलेली होती. ती आखणारे कॉलिन चॅपमन हे विसाव्या शतकातील सर्वात प्रभावी मोटार अभियंत्यांपैकी एक. गाडीतले अनावश्यक वजन काढणे आणि नियमातील फट शोधणे, या दोन कौशल्यांवर त्यांची कारकीर्द उभी राहिली. त्यातून विश्वविजेतेपदे आली, जीवघेणे अपघातही झाले आणि अखेर नावाला डाग लागला. त्यामुळे त्यांच्या गाडीची नक्कल करणाऱ्यापुढे आजही एक प्रश्न असतो : चॅपमन यांचे नेमके काय उचलायचे आणि काय सोडून द्यायचे?

चॅपमन यांची सुरुवात कशी झाली?

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळच्या रिचमंड येथे झाला. त्यांचे वडील उत्तर लंडनमधील हॉर्न्सी भागात ‘रेल्वे हॉटेल’ चालवत. चॅपमन यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथे स्ट्रक्चरल इंजिनीअरिंगचे शिक्षण घेतले. पूल किंवा इमारतीवर पडणारा भार कोणत्या तुळईतून कुठे जातो, याचा हिशोब करणारी ही शाखा. विद्यापीठाच्या हवाई पथकात ते विमान चालवायला शिकले. पुढे काही काळ हवाई दलात आणि नंतर ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत त्यांनी नोकरी केली. सांगाड्याचे गणित, विमानाची हलकी बांधणी आणि ॲल्युमिनियमचा पत्रा या तिन्ही गोष्टी पुढे त्यांच्या गाड्यांत एकत्र आल्या.

विद्यार्थिदशेतच ते एका मित्रासोबत जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करत. १९४७ मध्ये ब्रिटिश सरकारने खासगी वाहनांना मिळणारे पेट्रोलचे मूलभूत रेशन बंद केले आणि हा बाजार कोसळला. चॅपमन यांच्या हाती एक जुनी, कुणी घेईना अशी ‘ऑस्टिन सेव्हन’ उरली. मैत्रीण हेझेल विल्यम्स हिच्या आईवडिलांच्या घरामागे एक कुलूपबंद गॅरेज होते. तिथे चॅपमन यांनी या गाडीचा वरचा साचा उतरवला आणि प्लायवूड व ॲल्युमिनियम वापरून नवा हलका साचा चढवला. १९४८ मध्ये तयार झालेली ही गाडी म्हणजे पहिली लोटस. लोटस म्हणजे कमळ. हे नाव का निवडले, ते चॅपमन यांनी कधीच जाहीर केले नाही. कामात मदत करणाऱ्या हेझेल पुढे त्यांच्या पत्नी झाल्या.

ही पहिली गाडी १९५० मध्ये विकली गेली आणि नंतर तिचा माग लागला नाही. २०१८ मध्ये, लोटसला ७० वर्षे झाली तेव्हा, ती शोधण्यासाठी जाहीर आवाहनही करण्यात आले. म्हणजे या गाडीची नक्कल करायची, तर समोर ठेवायला मूळ गाडीच नाही. जुन्या छायाचित्रांवरूनच मापे काढावी लागतात.

नियमातील फट म्हणजे काय?

त्या काळी ब्रिटनमध्ये ‘७५० मोटर क्लब’ ऑस्टिन सेव्हनवर आधारलेल्या गाड्यांच्या शर्यती भरवत असे. खिसा हलका असलेल्या हौशी लोकांनाही शर्यतीत उतरता यावे, हा त्यामागचा हेतू. ऑस्टिनच्या इंजिनात चार सिलिंडर, पण इंधनमिश्रण आत घेणारी द्वारे दोनच. त्यामुळे शेजारच्या दोन सिलिंडरना एकाच द्वारातून ‘श्वास’ घ्यावा लागे आणि एकाच्या वाट्याचे मिश्रण दुसरा ओढून घेई. द्वारे वाढवायला नियमाने परवानगी नव्हती. चॅपमन यांनी १९५१ च्या आपल्या तिसऱ्या गाडीत द्वारे दोनच ठेवली, पण मधोमध पातळ पडदा घालून प्रत्येकाचे दोन भाग केले. प्रत्यक्षात चार सिलिंडरना चार स्वतंत्र वाटा मिळाल्या. ही गाडी इतकी वरचढ ठरली की ही युक्ती पुढे चालू नये म्हणून नियम बदलावा लागला. नियमाचे शब्द पाळायचे आणि त्याच्या हेतूला वळसा घालायचा, हा चॅपमन यांचा खाक्या तेव्हापासूनचा.

१ जानेवारी १९५२ रोजी ‘लोटस इंजिनीअरिंग कंपनी’ सुरू झाली. भांडवल म्हणून हेझेल यांनी दिलेले २५ पौंड आणि जागा म्हणून वडिलांच्या हॉटेलमागचे जुने तबेले.

गाडी सुट्या भागांत का विकली गेली?

ब्रिटनमध्ये १९४० पासून ‘पर्चेस टॅक्स’ हा खरेदीकर होता आणि नव्या गाडीवर तो चांगलाच जड होता. पण हा कर पूर्ण तयार गाडीवर लागे. ग्राहकाने सुटे भाग विकत घेऊन स्वतःच्या हाताने जुळवले, तर तो लागत नसे. लोटसच्या ‘मार्क सिक्स’पासून चॅपमन यांनी ही सवलत पद्धतशीर वापरली. ‘सेव्हन’च्या बाबतीत फरक डोळ्यांत भरणारा होता. करासह तयार गाडी १०३६ पौंडांना, तर सुट्या भागांचा संच ५३६ पौंडांना. साध्या नोकरदार तरुणालाही शर्यतीत उतरता येईल अशी ही किंमत होती.

या संचाबद्दल एक किस्सा नेहमी सांगितला जातो. जुळणीची पुस्तिका सोबत दिली तर करसवलत जाईल, म्हणून लोटसने गाडी ‘सुटी करण्याची’ पुस्तिका दिली आणि ग्राहकाने ती शेवटच्या पानापासून वाचायची. किस्सा कितपत खरा, हे बाजूला ठेवले तरी या गाडीची रचना का साधी राहिली, ते त्यातून कळते. गाडी ग्राहकानेच जुळवायची, म्हणजे तिला अवघड यंत्रांची गरज असून चालणार नव्हते. सपाट किंवा एकाच दिशेने वळलेले पत्रे, रिव्हेटने जोडलेला साचा, फोर्डसारख्या सर्रास मिळणाऱ्या गाडीचे इंजिन. आज घरी नक्कल शक्य होते, त्याचे मूळ या करनियमात आहे.

हलकेपणाचे तंत्र काय होते?

सेव्हनचा सांगाडा पातळ पोलादी नळ्यांचा. चार नळ्यांचा चौकोन केला तर तो बाजूने दाबल्यावर तिरका होतो. त्यात एक कर्ण टाकला की दोन त्रिकोण होतात आणि आकार हलत नाही. पुलांच्या कैचीतले हेच तत्त्व चॅपमन यांनी गाडीत आणले. नळ्यांवर बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्राही नुसता झाकण म्हणून नव्हता. जमिनीचा आणि मधल्या बोगद्याचा पत्रा सांगाड्याला ताठपणा देत असे.

एका भागाला दोन कामे लावणे, ही त्यांची खरी हातोटी. वळणावर गाडी कलू नये म्हणून पुढच्या चाकांदरम्यान एक दांडा असतो. इतर गाड्यांत तो वेगळा बसवलेला असे. सेव्हनमध्ये त्याच दांड्याचे टोक चाक धरून ठेवणाऱ्या वरच्या भुजेचा अर्धा भाग बनले. एक सुटा भाग वाचला आणि त्याचे वजनही. सेव्हनची पहिली आवृत्ती जेमतेम साडेचारशे किलोच्या आसपास होती. त्यामुळे ४० अश्वशक्तीचे साधे फोर्ड इंजिनही तिला पळवू शकले.

फॉर्म्युला वनमध्ये चॅपमन यांनी काय बदलले?

१९५६ मध्ये त्यांनी ‘व्हॅनवॉल’ संघासाठी सांगाडा आखून दिला; याच संघाने १९५८ मध्ये फॉर्म्युला वनचे पहिले कन्स्ट्रक्टर्स विजेतेपद मिळवले. १९६२ मध्ये आलेल्या ‘लोटस २५’मध्ये चॅपमन यांनी नळ्यांचा सांगाडाच काढून टाकला आणि पत्र्याच्या पेटीलाच सांगाडा बनवले. ही ‘मोनोकॉक’ रचना पुढे सगळ्यांनी स्वीकारली. स्कॉटिश चालक जिम क्लार्क यांनी या गाडीतून १९६३ मध्ये १० पैकी ७ शर्यती जिंकून विश्वविजेतेपद पटकावले. १९६५ मध्ये त्यांनी दुसरे विश्वविजेतेपद आणि त्याच वर्षी अमेरिकेतील ‘इंडियानापोलिस ५००’ ही शर्यत जिंकली. १९७० च्या दशकात गाडीखालून जाणाऱ्या हवेच्या जोरावर गाडी रस्त्याला चिकटवून ठेवण्याचे तंत्र लोटसने रूढ केले आणि त्यावर मारिओ आंद्रेत्ती १९७८ मध्ये विश्वविजेते झाले. चॅपमन यांच्या हयातीत लोटसने ७ कन्स्ट्रक्टर्स विजेतेपदे मिळवली.

हलकेपणाची किंमत कोणी मोजली?

एका भागाला दोन कामे लावली, की तो तुटल्यावर दोन्ही कामे एकदम थांबतात. जून १९६० मध्ये बेल्जियममधील स्पा येथे सरावादरम्यान स्टर्लिंग मॉस यांच्या लोटसचे मागचे चाक निखळले. त्यांचे दोन्ही पाय मोडले. त्याच सराव सत्रात माइक टेलर यांच्या लोटसचा स्टिअरिंगचा दांडा तुटला आणि गाडी झाडीत घुसली. टेलर यांची कारकीर्द तिथेच संपली. त्यांनी लोटसवर दावा लावला आणि तो यशस्वी झाला.

१९६९ मध्ये बार्सिलोनातील मोंजुइक मार्गावर ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही लोटसचे उंच पंख एकाच शर्यतीत मोडले. त्यानंतर उंच पंखांवर बंदी आली. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीतील मोन्झा येथे सरावात रिंट यांचा मृत्यू झाला. पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटून अपघात सुरू झाला आणि नीट न बसवलेल्या कठड्यामुळे तो प्राणघातक ठरला, असा तपासाचा निष्कर्ष होता. रिंट त्या वर्षीचे विश्वविजेते ठरले, पण मृत्यूनंतर. फॉर्म्युला वनच्या इतिहासात असे एकदाच घडले आहे.

प्रत्येक अपघाताचा दोष गाडीवर टाकता येत नाही. त्या काळी शर्यतीचे मार्ग आणि वैद्यकीय व्यवस्थाही अपुऱ्याच होत्या. तरीही लोटस वेगवान आहे आणि नाजूकही, ही ख्याती चालकांमध्ये पक्की झाली होती. जिम क्लार्क ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतील हॉकेनहाइम येथे लोटसमध्येच मरण पावले, तेव्हा चॅपमन यांनी आपला जवळचा मित्र गमावला.

अखेरच्या वर्षांत काय घडले?

नियमाला वळसा घालण्याची सवय शेवटपर्यंत कायम राहिली. १९८१ मध्ये त्यांनी ‘लोटस ८८’ आणली. गाडीचा बाह्य साचा स्प्रिंगवर तोललेल्या भागाला घट्ट जोडलेला हवा, असा नियम होता. चॅपमन यांनी एकात एक असे दोन सांगाडे बनवले आणि दोन्ही स्प्रिंगवर बसवले. या वेळी मात्र नियामकांनी गाडी शर्यतीत उतरूच दिली नाही.

याहून गंभीर प्रकरण शर्यतीबाहेरचे होते. अमेरिकी उद्योजक जॉन डीलोरियन यांनी ब्रिटिश सरकारच्या पैशावर उत्तर आयर्लंडमध्ये मोटार कारखाना काढला. ‘बॅक टू द फ्युचर’ या चित्रपटामुळे पुढे जगभर ओळखली गेलेली ती गाडी. तिच्या तांत्रिक विकासाचे काम लोटसकडे होते. या कामाचे पावणेदोन कोटी डॉलरच्या आसपास पैसे पनामात नोंदलेल्या एका कंपनीमार्फत फिरवले गेले आणि कामाला न लागता मधेच गायब झाले. १९८२ मध्ये डीलोरियनची कंपनी बुडाली. चौकशीचा फास आवळला जाण्याआधीच १६ डिसेंबर १९८२ रोजी चॅपमन यांचे हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. ते ५४ वर्षांचे होते. १९९२ मध्ये लोटसचे आर्थिक व्यवहार पाहणारे फ्रेड बुशेल यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. चॅपमन हयात असते तर त्यांना किमान दहा वर्षे तुरुंगात काढावी लागली असती, असे मत न्यायाधीशांनी त्या वेळी व्यक्त केले. चॅपमन यांच्यावर प्रत्यक्ष खटला कधीच चालला नाही. त्यामुळे त्यांची बाजूही न्यायालयात मांडली गेली नाही.

घरी प्रतिकृती कशी बांधतात?

१९७३ मध्ये ब्रिटनमध्ये खरेदीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि सुट्या संचाचा जुना फायदा संपला. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क ‘केटरहॅम कार्स’ या विक्रेत्या कंपनीला दिले. केटरहॅम आजही ती गाडी बनवते आणि सुट्या संचातही विकते. १९८० च्या दशकात ‘वेस्टफील्ड’ कंपनीने सेव्हनची नक्कल बाजारात आणली, तेव्हा केटरहॅमने कायदेशीर कारवाई केली. न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि वेस्टफील्डने आपल्या गाडीची रचना बदलली. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या शिक्षकाचे पुस्तक आले. अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार घरी बांधता येते, असा दावा त्याच्या शीर्षकातच होता. त्यातली गाडी सेव्हनच्याच वळणाची आणि तिला इंजिन, गिअरबॉक्स, मागचा आस हे सारे पुरवणारी ‘दाता’ गाडी म्हणजे जुनी फोर्ड एस्कॉर्ट. या पुस्तकाने घरगुती बांधणीची लाटच आणली.

कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी एक जाड, पूर्ण सपाट फळी लेव्हलमध्ये बसवायची. तिच्यावर सांगाड्याच्या तळाचा आराखडा पूर्ण मापात काढायचा. नळ्या कापून त्या रेषांवर लाकडी ठोकळ्यांमध्ये अडकवायच्या. सांधे आधी टॅक मारून तात्पुरते जोडायचे. मग दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे भरले तरच सांगाडा काटकोनात आहे. यानंतरच पूर्ण वेल्डिंग आणि तेही एका बाजूला सलग न करता आलटून पालटून. एकाच ठिकाणी उष्णता साठली तर सांगाडा पिळवटतो आणि मग चारही चाके एका पातळीत बसत नाहीत. पत्रे, सस्पेन्शन, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग हे सारे त्यानंतर येते.

मूळ गाडीशी प्रामाणिक राहायचे असेल, तर काम वाढते. घरगुती सांगाड्यात सहसा जाड चौकोनी नळ्या वापरतात. मूळ सांगाडा त्याहून पातळ नळ्यांचा होता. पातळ नळी जास्त उष्णतेने भोक पडून वाया जाते, म्हणून तिच्यासाठी कमी तापमानाचे ब्राँझ वेल्डिंग आणि सरावलेला हात लागतो.

प्रतिकृती कुठपर्यंत प्रामाणिक असावी?

खरी अडचण चॅपमन यांच्या चुकांपाशी येते. १९६० च्या दुसऱ्या आवृत्तीत खर्च आणि वजन वाचवण्यासाठी सांगाड्यातील काही नळ्या कमी केल्या गेल्या. मागच्या आसाला धरणारी त्रिकोणी भुजा डिफरन्शियलच्या खालच्या बाजूला जोडली होती. तिच्या ताणाने आसाच्या कवचाला तडे जात आणि तेल गळे. हुबेहूब नक्कल म्हणजे हा दोषही उतरवायचा का? बरेच जण तिथे गुपचूप एक पट्टी वाढवतात. शर्यतीसाठी गाडी बांधणाऱ्यांनी हा उपाय त्या काळीही केला होता.

कायदाही पूर्ण हुबेहूबपणाला मुभा देत नाही. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी तिला सरकारी तपासणीत उत्तीर्ण व्हावे लागते. ब्रेक, सीट बेल्ट अडकवण्याच्या जागा, आवाज, धूर यांबरोबरच पादचाऱ्याला लागतील अशा बाहेरच्या धारदार कडा आणि धडकेत चालकाला इजा करेल असे स्टिअरिंग यांचीही तपासणी होते. १९५७ च्या गाडीला यातल्या बऱ्याच गोष्टी ठाऊकच नव्हत्या. वेगवेगळ्या गाड्यांचे भाग वापरल्याने गाडीचे वय ठरवता येत नसेल, तर तिला ‘क्यू’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो. अनेक हौशी लोकांना तो कमीपणाचा वाटतो. पण जुन्या लोटसच्या किमती पाहता, नकलेला मूळ गाडीचा सांगाडा क्रमांक चिकटवून विकण्याचा मोह काहींना होऊ शकतो. तेव्हा हे अक्षर ग्राहकाच्या कामी येते. समोरची गाडी कुणीतरी नंतर बांधलेली आहे, हे त्यावरून लगेच कळते.

लोटसने सेव्हन बनवल्या सुमारे अडीच हजार. त्यांच्या प्रतिकृती आणि वंशज गाड्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी आहे. त्यातल्या प्रत्येक बांधणाऱ्याला हलका सांगाडा चॅपमन यांच्याकडून आयता मिळतो. कोणत्या सांध्यावर दोन कामांचा भार आहे आणि तो तुटला तर काय होईल, हा हिशोब मात्र त्याला वेल्डिंग मशीन सुरू करण्यापूर्वी स्वतःच करावा लागतो.